बाईची खुर्ची

लॉर्ना हॅडोला ‘म्हणतं कोण?’चं बोलावणं आलं, त्या सकाळी मी लंडनच्या लुइशममधल्या आमच्या दोघींच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात करपलेला टोस्ट सुरीनं खरवडत होते. फोन तिच्या खोलीत वाजला. आधी ती नुसतं “हो, हो” म्हणाली, आणि मग अनवाणीच धावत आली.

“नेरिस! खुर्ची मिळाली गं!”

मी सुरी ठेवली आणि तिला मिठी मारली. तोंडानं “अगं, काय सांगतेस!” म्हणाले. मनात मात्र एकच वाक्य होतं: म्हणजे आता मला नाही.

हे वाक्य दुष्टपणाचं वाटेल, पण तो साधा हिशेब होता. ‘म्हणतं कोण?’ हा तेव्हा टीव्हीवरचा सगळ्यांत गाजलेला पॅनेल शो. मधे सूत्रसंचालक, दोन्ही बाजूंना एकेक कर्णधार, आणि प्रत्येक कर्णधाराजवळ दोन पाहुणे. आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न, उत्तरांना गुण, आणि त्या गुणांना काडीचीही किंमत नाही. कोण जिंकलं हे शेवटी सूत्रसंचालकालाही आठवायचं नाही. खरी चढाओढ हशाची. पाहुण्यांच्या चार खुर्च्यांपैकी तीन पुरुषांच्या, एक बाईची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. विचारलं असतं तर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले असते. पण दोन बायका एका टेबलाशी बसलेल्या मी सहा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. त्या एका खुर्चीसाठी लंडनमधल्या विनोदाच्या धंद्यातल्या आम्ही वीस-पंचवीस बायका एकमेकींना मिठ्या मारत होतो.

त्यातही माझी गंमत वेगळी. गेली दोन वर्षं त्याच कार्यक्रमात मी प्रेक्षक तापवण्याचं काम करत होते. दर गुरुवारी संध्याकाळी थेम्सकाठच्या त्या स्टुडिओत चारशे माणसं रांग लावून, भिजून, कंटाळून आत यायची. कॅमेरे सुरू होण्याआधी अर्धा तास मी त्यांना हसवायचं. मधे दिवा बिघडला, कोणाचा मेकअप उतरला, की पुन्हा धावत जाऊन हसवायचं. चित्रीकरण अडीच तास चालायचं, टीव्हीवर दिसायचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माझं नखही नसायचं. त्या खुर्चीपासून मी बारा पावलांवर उभी असायचे. मोजली होती मी.

वेल्समधल्या आमच्या मर्थरच्या घरात वडील फारसे बोलायचे नाहीत. कोळशाची खाण बंद झाल्यापासून तर नाहीच. पण शुक्रवारी असला एखादा कार्यक्रम लागला की ते खुर्ची टीव्हीजवळ ओढायचे आणि खांदे हलवत, आवाज न करता हसायचे. मला वाटायचं, त्या टेबलाभोवतीची माणसं किती सुखी! एकानं चेंडू टाकायचा, दुसऱ्यानं झेलायचा, कोणाला आधी काही सुचवलेलं नाही, आणि चिडवलं तरी कोणी रुसत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर असं कधी झालं नाही. मला वडिलांच्या त्या टीव्हीत जाऊन बसायचं होतं. प्रसिद्धी वगैरे नंतर सुचलं.

कोणाला आधी काही सुचवलेलं नसतं, हा समज अर्थातच या धंद्यात आल्यावर गेला. पाहुण्यांना बातम्या दोन दिवस आधी कळतात. कार्यालयातून फोन येतो, “तुमच्याकडे एखादा मजेदार अनुभव आहे का?” आपण तो सांगायचा. मग गुरुवारी सूत्रसंचालक जणू सहज आठवल्यासारखं विचारतो, “तुमचं काहीतरी झालं होतं ना हो असं?” आणि आपण जणू सहज आठवल्यासारखं सांगायचं.

लॉर्नालाही तो फोन आला. मंगळवारी मी कामावरून परतले तर ती स्वयंपाकघरात लाकडी चमचा हातात धरून फ्रिजला गोष्ट सांगत होती. मी दाराशीच थांबले. ती पाँटिप्रिथची गोष्ट होती.

ते असं झालं होतं. आठ वर्षांपूर्वी लॉर्ना आणि मी जोडीनं कार्यक्रम करायचो. दोघींचे पिवळेधमक डगले, तिच्या हातात युकुलेली, ती चिमुकली गिटार. वेल्समधल्याच पाँटिप्रिथच्या एका कामगार क्लबात आम्हाला वरच्या हॉलमध्ये जायचं होतं, आम्ही शिरलो खालच्या. चाळीसेक माणसं चहा-सँडविच घेऊन बसली होती. मी टाळी वाजवून ओरडले, “काय मंडळी, आज कोण कोण मजेत आहे?” एकानंही हात वर केला नाही. आम्ही पाच मिनिटं जिवाच्या आकांतानं विनोद केले, आणि मग लॉर्नानं माझ्या कमरेत कोपर खुपसून भिंतीकडं बोट केलं. तिथं एका म्हाताऱ्याचा फोटो होता, खाली फुलं, आणि दोन तारखा. ट्रेफर बेनन नावाच्या गृहस्थांना तासाभरापूर्वी पुरून ती माणसं आली होती. मी माफी मागायला त्यांच्या बायकोजवळ गेले. ती बाई डोळे पुसत होती, पण हसून. म्हणाली, “पोरी, चाळीस वर्षं संसार केला, या माणसामुळं मी कधी हसले नाही. आज हसले. बस, सँडविच खा.”

आता लॉर्ना फ्रिजला सांगत होती, “मी टाळी वाजवून ओरडले, काय मंडळी, आज कोण कोण मजेत आहे...”

“मी कुठंय त्यात?” मी विचारलं.

ती दचकली. “अगं बाई! केव्हा आलीस?”

“तू ओरडलीस तेव्हा.”

तिनं चमचा ठेवला. लाजली, पण हटली नाही. “नेरिस, दोन मिनिटांत दोन माणसं मावत नाहीत गं. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. तुला माहितीये की.”

मला माहीत होतं. तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच जास्त लागलं.

“सांग की,” मी म्हणाले. “शेवटच्या वाक्याआधी जरा थांब फक्त. तू घाई करतेस.”

“खरंच?” तिनं तसं करून पाहिलं. बरोबर बसलं. तिनं माझ्या गालाचा मुका घेतला, आणि मी माझ्या खोलीत जाऊन कोट न काढता पलंगावर बसून राहिले.

मी ते ठरवून केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. गुरुवारी बसमध्येच माझं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी प्रेक्षक चांगले होते. क्रॉयडनहून आलेल्या एका ऑफिसची पूर्ण रांग होती, पुढच्याच ओळीत एक टकला, लालबुंद गृहस्थ होता, मी काहीही म्हटलं तरी गुडघ्यावर थाप मारणारा. पंचवीस मिनिटं मी नेहमीचं केलं. मग घड्याळाकडं पाहिलं, पाच मिनिटं उरली होती, आणि मी म्हणाले, “जाता जाता एक खरी गोष्ट सांगते. पाँटिप्रिथला एकदा मी एकटीच...”

सांगतानाच कळत होतं की मी ही गोष्ट आजवर इतकी चांगली सांगितली नव्हती. बेननबाईंच्या वाक्याआधी मी थांबले, चारशे माणसं श्वास धरून बसली, आणि मग जो हशा आला त्यानं वरचे दिवे हलले असतील. पाहुणे तेव्हा मागच्या खोलीत होते, तिथं आवाज जात नाही. मी वाकून नमस्कार केला आणि पडद्याशेजारच्या माझ्या जागी येऊन उभी राहिले.

लॉर्ना हिरव्या रेशमी ब्लाउजमध्ये आली. आम्ही दोघींनी मिळून निवडला होता तो. पहिला पाऊण तास तिला तोंड उघडायला फटच मिळेना. टेरी ओकशॉट नावाचा कर्णधार दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात उचलण्यात पटाईत होता. तिनं दोनदा सुरुवात केली, दोनदा त्यानं वाक्य पळवून त्यावर टाळ्या घेतल्या. ती हसली. त्या टेबलाशी हसावंच लागतं. मला तिची कीव आली, आणि कीव येतेय याचं बरंही वाटलं.

मग कुठल्याशा गावात चुकीच्या माणसाची अंत्ययात्रा निघाल्याची बातमी आली, आणि सूत्रसंचालक डॉमिनिक फॅरंट तिच्याकडं वळला. “लॉर्ना, अंत्यविधीत तुमचंही काहीतरी झालं होतं म्हणे?”

“झालं होतं ना,” ती म्हणाली. “मी पाँटिप्रिथला गेले होते, पिवळाधमक डगला घालून...”

स्टुडिओत चुळबुळ झाली. तिला ती ऐकू आली. पण थांबता येत नव्हतं. “...मी टाळी वाजवून ओरडले...”

“बाई, हे झालंय की!” टकला गृहस्थ मोठ्यानं म्हणाला. वाईट हेतू नव्हता त्याचा, मदत करतोय असंच वाटलं असावं. “मघाशी त्या बाईनं सांगितलं! शेवटी म्हातारी सँडविच देते!”

सगळं गप्प झालं. चारशे माणसं गप्प झाली की दिव्यांची घरघर ऐकू येते. डॉमिनिकनं समोरच्या कागदांकडं पाहिलं, तिथं काही लिहिलेलं नव्हतं. टेरीलासुद्धा पळवायला वाक्य उरलं नाही.

लॉर्नानं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. थेट माझ्याकडं. मग ती प्रेक्षकांकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, “बरोबर आहे. आम्ही दोघी होतो. माझ्या गोष्टीतून मी तिला काढली, तिनं तिच्या गोष्टीतून मला. आता तुम्हीच सांगा, ट्रेफरच्या अंत्यविधीला नक्की कोण होतं?”

आणि मग तो हशा उठला. माझ्या हशाच्या दुप्पट. डॉमिनिकनं कागद भिरकावले. टेरी ओकशॉट टेबलावर डोकं टेकून हसला. टाळ्या थांबेनात, तेव्हा लॉर्ना हात वर करून म्हणाली, “ट्रेफर असता तर तो मात्र नसता हसला,” आणि पुन्हा तेच. हे कागदावर नव्हतं, फ्रिजसमोर झालं नव्हतं. वडील ज्याच्यासाठी खुर्ची पुढं ओढायचे ते हेच होतं, आणि ते तिला सुचलं होतं, मला नाही. मी तिला खड्ड्यात ढकललं आणि ती त्या खड्ड्यातून उडी मारून माझ्या डोक्यावर उभी राहिली. मी पडद्याची दोरी घट्ट धरली.

आणि तेवढ्यात कोणीतरी माझ्या कानातल्या यंत्रात म्हणालं, “नेरिस, टेप बदलायचीये, चार मिनिटं सांभाळ.” मला पुढं जावं लागलं. लोकांनी मला पाहून आणखी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे आम्ही दोघींनी ठरवूनच केलं होतं.

चित्रीकरण संपल्यावर मी तिच्या खोलीत गेले. ती आरशासमोर बसून कानातलं काढत होती.

“लॉर्ना, तू काय कमाल केलीस...”

“दार लाव.”

मी दार लावलं.

“तू मला माफ केलंस ना?” मी विचारलं. “म्हणजे, तू जे बोललीस त्यावरून...”

“ते काम होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तिचं स्कॉटलंडमधलं गाव, डंडी, पुरतं उतरलं होतं, रागावली की तसंच व्हायचं. “समोर चारशे माणसं होती, त्यांच्यापुढं मी काम केलं. तुला माफ नाही केलं. तू मला मंगळवारी सांगायचंस, माझी गोष्ट आहे, तू सांगू नकोस. मी नसती सांगितली.”

“खरंच नसती?”

तिनं कानातलं डबीत ठेवलं. “भांडले असते. मग नसती सांगितली.”

मला काही बोलायचं होतं, पण तिनं दुसरं कानातलं काढलं आणि आरशातूनच म्हणाली, “जा आता.”

दहा दिवसांत तिनं खोली सोडली. बहिणीचा नवरा गाडी घेऊन आला, मी जिन्यातून खोकी उतरवायला मदत केली आणि आम्ही हवेबद्दल बोललो.

कार्यक्रम लागला तो त्याआधीच, चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी. त्या शुक्रवारी लॉर्ना बाहेर होती, मी एकटीच सोफ्यावर होते. तो हशा पुन्हा ऐकावा लागणार म्हणून उशी पोटाशी धरली होती. चुकीच्या अंत्ययात्रेची बातमी आली. डॉमिनिक वळला, पण लॉर्नाकडं नाही, टेरीकडं. टेरीनं शवपेटीवर काहीतरी पाचकळ केलं आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. मी पडद्यासमोर गुडघ्यांवर बसले, जणू जवळून पाहिल्यावर ते सापडणार होतं. सगळं कापलं होतं. तिचा हिरवा ब्लाउज सात-आठ वेळा दिसला, प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच्या विनोदावर हसत होती.

पुढच्या गुरुवारी मी निर्माता गिडियन सॅलिसला सहज म्हणून विचारलं.

“हां, ते? खोलीत जबरदस्त झालं,” तो म्हणाला. “पण घरी बसलेल्याला काय कळणार? त्यांनी तुझं कुठं ऐकलंय? समजावत बसलो तर पाच मिनिटं जातात. कापावंच लागलं.” मग कागद चाळत म्हणाला, “मुलगी छान आहे. पण टेबलावर जरा गप्प पडते, नाही?”

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नुसतं एवढंच, की गिडियन, ती गप्प पडली नाही, तिला मी पाडली. वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणाले, “हो, जरा पडते.”

तिला पुन्हा बोलावलं नाही. एका पेपरात कोणीतरी लिहिलं की बायकांना अशा कार्यक्रमांत हजरजबाबीपणा जमत नाही, आणि उदाहरण म्हणून त्या हिरव्या ब्लाउजचा उल्लेख केला. मी तो पेपर वाचून ठेवून दिला.

पुढच्या फेब्रुवारीत गिडियननं मला विचारलं, “नेरिस, तू स्वतः का बसत नाहीस एकदा?” मी नाही म्हणाले असं सांगायला मला आवडलं असतं. मी त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत हो म्हणाले.

बसले. प्रेक्षक तापवायला लिव्हरपूलचा एक पोरगेला विनोदवीर आणला होता. मी मागच्या खोलीत बसून दाराला कान लावत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. टेरीनं माझी तीन वाक्यं पळवली. चार माझी मला मिळाली. आई फोनवर म्हणाली, “केस छान दिसत होते गं.” वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आणि कार्यक्रम लागल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी लॉर्नाचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

“पाहिलं,” ती म्हणाली.

“कशी झाले?”

“पहिले दोन विनोद पडले. तिसरा चांगला होता, बिशपच्या सायकलचा.”

“तो माझाच आहे.”

“ते कळलं. म्हणून तर चांगला होता. किती कापलं?”

“अडीच तासांतली मी चार मिनिटं उरले.”

“मी सव्वा मिनिट होते.”

“मोजलंस?”

“तू नाही मोजलंस?”

मला राहवलं नाही. “लॉर्ना, जळलीस का?”

“भयंकर,” ती म्हणाली. “मधेच उठून भांडी घासायला गेले. सगळी घासली. परत आले तर तू अजून होतीसच.”

मला जे वाटलं ते सांगायला हवं. चारशे माणसांच्या टाळ्यांनी मला इतकं बरं वाटलं नव्हतं. फोन धरून मी खोलीत गोल फिरले. मग मी म्हणाले, “मी गिडियनला तेव्हा खरं सांगितलं नाही.”

“ठाऊक आहे. सांगितलं असतंस तर त्यानं मला फोन केला असता.”

“मग आता तरी माफ केलंस का?”

“नाही.” पण आवाजात धार नव्हती. “बरं, मी मुळात सांगायला फोन केला ते राहिलंच. मला इथं डंडीत रेडिओवर कार्यक्रम मिळालाय. रोज सकाळी दहा ते अकरा.”

“पाहुणे कोण कोण?”

“कोणी नाही. मीच.”

“अख्खा तास?”

“अख्खा तास. मधे बोलायला कोणी नाही. कापायलाही नाही, थेटच जातो. काय वाटेल ते बोलते मी. लोक फोन करून रडतात, हसतात. नेरिस, अगं, तुला सांगू, मजा येते.”

मी तिचं अभिनंदन केलं. आवाज अगदी नीट लागला. फोन ठेवल्यावर बिशपच्या सायकलचा आनंद शोधायला गेले तर तो जागेवर नव्हता. रोज एक तास, टेरीशिवाय.

आता आम्ही नाताळला एकमेकींना कार्ड पाठवतो. ‘म्हणतं कोण?’मध्ये मी आणखी पाच वेळा बसले, मग खुर्ची दुसऱ्या कोणाकडं तरी गेली. लॉर्नाचा कार्यक्रम अजून चालू आहे. कसा असतो, असं कोणी विचारलं तर मी सांगते की लंडनला तो लागत नाही. लागतो. आता तो देशभर जातो. दहाच्या ठोक्याला मी स्वयंपाकघरातला रेडिओ बंद करते.